संगणकाची पदवी निवडताना: कोल्हापूर परिसरातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

गेल्या जूनमध्ये भुदरगड तालुक्यातून एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाली, "सर, ह्येला कॉम्प्युटरलाच घालायचं हाय." कॉम्प्युटरला म्हणजे नेमके कुठे, असे मुलाला विचारले तर तो म्हणाला, "बीसीएस, नाहीतर बीटेक." त्याने अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतले होते. ज्या दोन वाटांची नावे तो घेत होता, त्या दोन्ही अकरावीच्या अर्जावरील एका खुणेने त्याच्यापुरत्या बंद झाल्या होत्या आणि दोन वर्षांत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सुदैवाने एका शिक्षकांच्या आग्रहामुळे त्याने बीसीए या संगणकाच्या दुसऱ्या पदवीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन ठेवली होती, म्हणून वर्ष वाचले.

हा लेख अशा मुलांसाठी आहे, पण तो बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर दहावीच्या सुट्टीत वाचला जावा अशी माझी इच्छा आहे; कारण पदवीची निवड जूनमध्ये होते असे वाटत असले, तरी तिचा निम्मा भाग अकरावीच्या प्रवेशातच ठरून गेलेला असतो.

पहिली पायरी: अकरावीत गणित ठेवायचे की नाही

संगणकाकडे जायचा विचार मनात असेल, तर गणित सोडू नये. गणितात मार्क कमी पडतात म्हणून ते सोडण्याचा सल्ला शेजारीपाजारी सहज मिळतो. परंतु तो देणाऱ्याला पुढची दारे ठाऊक नसतात. अभियांत्रिकीच्या पदवीला गणित लागतेच. बी.एस्सी. संगणकशास्त्र 'एंटायर', म्हणजे बीसीएस, या पूर्ण तीन वर्षे संगणकाला वाहिलेल्या अभ्यासक्रमालाही ते लागते. बी.एस्सी. झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचे असेल, तर बारावीला गणित होते का, हे तिथे पुन्हा तपासले जाते. पुढे एनआयटीमधून, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून, एमसीए ही संगणकाची पदव्युत्तर पदवी करावीशी वाटली, तर त्यासाठी असलेल्या निमसेट परीक्षेला पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. म्हणजे सोळाव्या वर्षी सोडलेला विषय एकविसाव्या वर्षी पुन्हा दारात उभा राहतो.

गणिताच्या जोडीला जीवशास्त्राऐवजी बायफोकलचे संगणकशास्त्र घ्यावे का, हा प्रश्न इथे हमखास येतो. हा विषय दोनशे गुणांचा असतो, त्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, आणि प्रात्यक्षिकांमुळे त्यात गुण बरे मिळतात. मात्र तो घेतला नाही म्हणून पुढे कोणतेही दार बंद होत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग बहुतेक ठिकाणी अगदी पायापासून शिकवतात आणि बायफोकल केलेली मुले पहिल्या सत्रात थोडी पुढे असली, तरी दुसऱ्या सत्रापर्यंत सगळी एका रांगेत येतात, असे मी पाहिले आहे. विषय आवडत असेल तर घ्यावा, गुणांसाठी घेतला तरी चालेल. नाही मिळाला तर खंत करू नये.

दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाण्याची वाटही आहे आणि ज्या मुलाचा हात पुस्तकापेक्षा यंत्रावर चांगला चालतो, त्याला ती बारावीपेक्षा मानवते. तिच्यात बारावीची सीईटी नसते, प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो. फक्त पदविकेत शिकलेले गणित आणि दुसऱ्या वर्षाचे अभियांत्रिकी गणित यांत जी दरी असते, ती सुट्टीतच भरून काढावी लागते.

दुसरी पायरी: हा विषय आपला आहे का, हे घरच्या घरी पाहणे

मोबाइल सराईतपणे वापरता येतो, रीळ छान एडिट करता येते, म्हणजे संगणकशास्त्र जमेल, असा समज घराघरांत आहे. या दोन गोष्टींचा संबंध मोटार चालवणे आणि इंजिन बनवणे यांच्याइतकाच आहे. म्हणून मी मुलांना एक घरगुती परीक्षा घ्यायला सांगतो आणि तिला संगणक लागत नाही, वही लागते.

आपल्या गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घातले जाते आणि दहा दिवसांनी बिल निघते. ज्याला या हिशेबाची काही माहिती नाही, पण सांगितलेले शब्दशः करतो, अशा माणसासाठी हे बिल कसे काढायचे याच्या सूचना कागदावर लिहा. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटखेरीज घन पदार्थ) आणि दरपत्रक एवढेच त्याच्या हातात आहे. बहुतेक मुले पाच ओळींत उत्तर लिहून मोकळी होतात: लिटर गुणिले दर, वीस वेळा, मग बेरीज. मग मी विचारतो, एका घरातून म्हशीचे आणि गाईचे दूध वेगवेगळे येते, तर दर कोणत्या तक्त्यातून घ्यायचा? एका संध्याकाळी वीज नव्हती आणि फॅट काढलीच नाही, त्या रकान्यात रिकामी जागा आहे. तुमचा माणूस तिथे शून्य धरणार की थांबणार? फॅट दरपत्रकातील दोन आकड्यांच्या मध्ये आली तर? पशुखाद्याची उचल बिलापेक्षा जास्त असेल, तर बिल उणे लिहायचे का?

काही मुलांना या प्रश्नांचा कंटाळा येतो आणि काही मुले दुसऱ्या दिवशी स्वतःच तीन नवे अडथळे शोधून आणतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांनी गुणांची फार चिंता न करता संगणकाकडे जावे. पहिल्या प्रकारच्या मुलांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण पदवीची तीन-चार वर्षे याच प्रकारच्या प्रश्नांशी झटण्यात जाणार आहेत, हे त्यांनी आधी समजून घ्यावे.

तिसरी पायरी: नावांच्या मागे काय आहे ते वाचणे

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे इथल्या बहुतेक मुलांपुढे जे पर्याय येतात ते याच विद्यापीठाच्या रचनेतले असतात. त्यांची नावे एकमेकांसारखी असल्याने गोंधळ होतो.

बी.एस्सी. संगणकशास्त्र एंटायर, ज्याला इथे अजूनही बीसीएसच म्हणतात, ही विज्ञान शाखेची पदवी आहे. तीत संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स येते. साध्या बी.एस्सी.मध्ये संगणक हा अनेक विषयांपैकी एक 'ऑप्शनल' विषय असतो. ही वेगळी पदवी आहे आणि अर्ज भरताना या दोहोंत गफलत झालेली मी दर वर्षी पाहतो. या दोन्ही पदव्यांचे प्रवेश साधारणपणे बारावीच्या गुणांवर महाविद्यालयाच्या पातळीवर होतात. गुणवत्ता यादी लागल्यापासून प्रवेश निश्चित करायला दोन-तीन दिवसच मिळतात, तेव्हा त्या काळात गावाला किंवा लग्नाला जाऊ नये.

बीसीए ही वेगळ्या घडणीची पदवी आहे. शिवाजी विद्यापीठात ती वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या बाजूने वाढली, म्हणून तीत हिशेब आणि व्यवस्थापन यांची ओळख होते आणि बारावी कला किंवा वाणिज्य झालेल्यांनाही ती खुली असते. २०२४-२५ या वर्षापासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा सुरू केली. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, त्यांत इंग्रजीचे चाळीस, तर्कक्षमतेचे तीस आणि सामान्यज्ञान व संगणकाची प्राथमिक ओळख यांचे प्रत्येकी पंधरा, अशी तिची मांडणी पहिल्या वर्षी होती. पहिल्या वर्षी अनेकांना ही परीक्षा आहे हेच कळले नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि ती पुन्हा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी याच सुमारास अभ्यासक्रमाचे नाव बदलले, जेणेकरून सीईटीची अट राहू नये. असे नवे नाव समोर आले, तर पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमके काय छापले जाणार आहे, हे प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.

बीटेक किंवा बीई ही चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी आहे. कोल्हापुरात गोकुळ शिरगावचे केआयटी आणि कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, विद्यापीठाच्या आवारातला तंत्रज्ञान अधिविभाग, जवळपास इचलकरंजीचे डीकेटीई, वारणानगर, इस्लामपूरजवळचे राजारामनगर आणि सांगलीचे १९४७ साली सुरू झालेले वालचंद, एवढ्या परिघात घरापासून फार लांब न जाता ती करता येते. संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स अशा शाखांची नावे वाढत चालली आहेत आणि पालक नव्या नावाकडे ओढले जातात. माझे मत असे आहे की पदवीच्या पातळीवर साध्या संगणकशास्त्राचा पाया सर्वांत रुंद असतो. त्याच महाविद्यालयात ते मिळत असेल, तर चकचकीत नावासाठी ते सोडू नये. दोन महाविद्यालयांत निवड करायची असेल, तर दोन्हींचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क हे चार विषय कोण शिकवते, एवढेच तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. माहितीपत्रकातील इमारतीच्या छायाचित्रापेक्षा या उत्तरातून अधिक समजते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी. आणि बीसीए यांना आता चौथे, ऑनर्सचे वर्ष जोडले गेले आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. पहिल्या दोन थांब्यांवर उतरण्याचा विचार करून प्रवेश घेऊ नये. ती अडीअडचणीची सोय आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एमसीए, म्हणजे पाच वर्षे, आणि अभियांत्रिकीची चार वर्षे, यांचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडून मगच ठरवावे. ज्या घरात तीन वर्षांनी मिळकत सुरू होणे गरजेचे आहे, तिथे बीसीएस ही दुय्यम निवड मुळीच नाही.

एक चौथी वाट फारशी कोणी सांगत नाही. आयआयटी मद्रासने २०२१ पासून डेटा सायन्सची बी.एस. पदवी ऑनलाइन सुरू केली आहे. तिला जेईईची गरज नाही. चार आठवड्यांचा पात्रता अभ्यास आणि त्यानंतर केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा, असा तिचा उंबरठा आहे. शिक्षण इंग्रजीतून आहे आणि दर आठवड्याला काम पूर्ण करावे लागते, त्यामुळे शिस्त नसलेल्याने तिच्या नादी लागू नये.

चौथी पायरी: सीईटी

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, असे एकूण दोनशे गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या भागावर असतात. गणिताचे गुण दुप्पट आहेत, हे लक्षात घेऊन अभ्यासाचे तास वाटावेत. रसायनशास्त्र पाठांतराने लवकर हाती लागते म्हणून मुले त्यातच रमतात आणि शंभर गुणांचा विषय मागे पडतो.

निकाल टक्क्यांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गुणवत्ता क्रमांक या पर्सेंटाइलवर ठरतो. बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात: तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, म्हणजे तीनशेपैकी १३५, आणि महाराष्ट्रातील राखीव गटाला ४० टक्के, म्हणजे १२०. हा आकडा लहान वाटतो, पण सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळवून बारावीत इथेच अडखळलेली मुले असतात.

एनआयटीसारख्या संस्थांसाठी जेईई मेन द्यावी लागते आणि राज्यातील खासगी महाविद्यालयांच्या अखिल भारतीय कोट्यातील जागांनाही तिचे गुण चालतात. जेईईचा अभ्यास केलेल्याला सीईटी वेगळी शिकावी लागत नाही, मात्र वेग वेगळा सरावावा लागतो.

पाचवी पायरी: दाखले

या पायरीवर मी मुद्दाम अधिक वेळ घालवणार आहे, कारण अभ्यासात कमी पडून जागा गमावलेल्या मुलांइतकीच कागदात कमी पडून जागा गमावलेली मुले मला माहीत आहेत. माझ्या स्वतःच्या पुतणीचे नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र घरात होते, लॅमिनेशन करून कपाटात जपून ठेवलेले होते. फक्त त्याची मुदत मागच्या मार्चमध्ये संपली आहे, हे पडताळणीच्या दिवशी लक्षात आले. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या अखेरीच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते. प्रमाणपत्रावरील तारीख आज, हा लेख वाचताना, उठून पाहावी.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नावाचा पुरावा लागतो आणि तो किती जुना हवा याची मानीव तारीख ठरलेली आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. ती शाळा कधी दुसऱ्या तालुक्यात असते, रजिस्टरचे पान जीर्ण झालेले असते, आडनावाऐवजी गावाचे नाव लिहिलेले असते, जुन्या महसुली नोंदी मोडी लिपीत असतात आणि त्या वाचून घ्याव्या लागतात. हे सगळे मे महिन्याच्या उन्हात, सीईटीच्या आठवड्यात करायची वेळ येऊ नये. नावातील फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, तेही आधीच करून ठेवावे.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, आपले सरकार सेवा केंद्रामार्फत निघतो. निकाल लागल्यावर या केंद्रांपुढे रांगा लागतात. निकालाआधी गेलात तर तासाभरात अर्ज होतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके आणि आधार यांवरील नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवून पाहावी.

निपाणी, बेळगाव आणि सीमाभागातील इतर गावांतून शिकायला येणाऱ्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळा उमेदवार-प्रकार आहे. आपण परराज्यातले, आपल्याला इथे कोण घेणार, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. त्यांनी वादग्रस्त सीमाभागातील रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले नियमावलीतील नमुन्यातच घ्यावेत.

सहावी पायरी: कॅप फेऱ्या आणि पसंतीक्रम

अभियांत्रिकीचे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग पसंतीक्रमाचा अर्ज, असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत स्वतःचा प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत का, हे पाहण्याचे दिवस मोजके असतात.

पसंतीक्रम भरताना एकच नियम पाळावा: जे खरोखर सर्वांत हवे आहे ते सर्वांत वर. "वरचे मिळणार नाही, म्हणून खालचे आधी टाकतो" हा हिशेब चुकीचा आहे. वरची जागा मिळाली नाही तर यंत्रणा आपोआप खाली येते, वर टाकल्याने खालची संधी कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की ती पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही, म्हणून नको असलेले नाव पहिल्या ओळीत लिहिणे महाग पडते. शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांना, म्हणजे आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या पाच टक्के जादा जागांना, स्वतंत्र चॉईस कोड असतो. तो वेगळा भरावा लागतो, नुसते महाविद्यालय निवडून ती जागा मिळत नाही.

मॅनेजमेंट कोट्यातील जागा देतो, आधी अॅडव्हान्स भरा, असे सांगणारे लोक जूनमध्ये भेटतात. त्या जागांचेही नियम आणि गुणवत्ता यादी असते आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कॅपबाहेर घेतलेल्या प्रवेशाला पुढील शिष्यवृत्ती मिळत नाही, हा हिशेब तो मध्यस्थ सांगत नाही.

सातवी पायरी: फी आणि राहण्याची सोय

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, कॅपमधून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. "मुलीला बीएस्सीच बरी, इंजिनिअरिंगला खर्च फार" असे ठरवण्यापूर्वी ही ओळ घरातील मोठ्यांना वाचून दाखवावी.

राहण्यासाठी महाविद्यालयाच्या वसतिगृहाखेरीज कोल्हापुरात दसरा चौक परिसरातील बोर्डिंगांची परंपरा आहे. १९०१ पासून शाहू महाराजांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या समाजांसाठी ही वसतिगृहे उभी राहिली आणि त्यांतील अनेक आजही चालतात. त्यांचे अर्ज प्रवेशाची वाट न पाहता जूनच्या सुरुवातीलाच आणावेत, कारण खाटा मोजक्या असतात आणि चौकशी करणाऱ्यांची ये-जा मे महिन्यातच सुरू होते.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते आहे आणि आधारही दिले आहे, एवढ्याने भागत नाही. रक्कम नेमक्या त्याच खात्यात यावी म्हणून आधार त्याला जोडले गेले आहे का, हे शाखेत जाऊन विचारावे. अनेक मुलांचे आधार शाळेत असताना उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याला जोडलेले निघते. हे काम प्रवेशाच्या आठवड्यातच करून घ्यावे, आणि बँकेत जाताना विद्यार्थ्याने स्वतः जावे, कारण अंगठा त्याचाच लागतो.